गाडीतले इशारा-दिवे, ओबीडी आणि स्कॅनर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात. काही बिघडलंय का?

नाही. गाडी स्वतःचे दिवे तपासून दाखवते. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत ते एकेक करून विझायला हवेत. लोक विझण्याकडे बघतात, पण लागण्याकडेही बघा. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा किंवा इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर तो दिवा गेलेला असतो किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असतो. जुनी गाडी विकताना हा उद्योग सर्रास चालतो.

रंगांचा अर्थ काय?

लाल म्हणजे आत्ता बघा, पिवळा म्हणजे लवकर बघा, हिरवा आणि निळा म्हणजे नुसती माहिती. हँडब्रेक, सीटबेल्ट आणि उघडं दार यांचे दिवेही लाल असतात, पण त्यांचं कारण लगेच कळतं. तापमानाचा काटा नसलेल्या गाड्यांत थंडीत निळा थर्मामीटर दिसतो. इंजिन अजून गार आहे, एवढंच तो सांगतो. तो विझेपर्यंत ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका.

कोणता दिवा लागला तर जागच्या जागी थांबायचं?

पहिला मान तेलाच्या किटलीचा. चालत्या गाडीत ती लाल झाली, तर बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' हा विचार इथे चालत नाही. हा दिवा तेलाची पातळी नाही, तेलाचा दाब दाखवतो. दाब गेला की बेअरिंगवरचा तेलाचा थर जातो, धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन उघडायची पाळी येते. पाचेक मिनिटं थांबून तेलाची पट्टी काढून बघा. तेल कमी असेल तर भरा आणि पुन्हा चालू करून बघा. तेल पुरेसं असूनही दिवा तसाच राहिला, तर गाडी टो करूनच न्या. दाब दाखवणारा स्विच खराब झालेला असू शकतो, खरं आहे. पण ते गॅरेजवाल्याने दाबाचा गेज लावून ठरवायचं असतं, आपण रस्त्यात अंदाजाने नव्हे.

दुसरा तापमानाचा. मे महिन्यात खंबाटकी किंवा कसारा घाटात, एसी चालू, गाडी भरलेली, पुढे ट्रकांची रांग, आणि काटा चढू लागतो. नुसता चढत असेल तर एसी बंद करा, हीटर फुल करा, पंखा जोरात ठेवा. आत बसणाऱ्यांचे हाल होतात, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. लाल दिवा लागला किंवा बोनेटखालून वाफ दिसली, तर मात्र इंजिन बंदच. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं आणि ते थेट तोंडावर येतं. गरम इंजिनवर गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, त्याने हेडला तडा जाऊ शकतो. आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही: कूलंट पूर्ण गळून गेलं तर सेन्सर हवेत लटकतो आणि काटा उलट खाली आलेला दिसू शकतो. आधी चढलेला काटा अचानक खाली आला म्हणून खूश होऊ नका.

तिसरा ब्रेकचा. हँडब्रेक सोडलेला असूनही दिवा लाल असेल, तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं. ते एक तर गळतंय किंवा पॅड झिजलेत. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि टाकीतली पातळी उतरते. म्हणून नुसतं ऑइल ओतून दिवा विझवणं हा उपाय नाही. लाल ब्रेक आणि पिवळा एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही एकत्र लागले, तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधली ब्रेकची वाटणीही गेलेली असते. जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते.

बॅटरीचा दिवा थोडा वेळ देतो. बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतो, अल्टरनेटरचा किंवा तुटलेल्या पट्ट्याचा असतो. एसी, गाणी, सगळं बंद करून जवळचं गॅरेज गाठा आणि मध्ये इंजिन बंद करू नका, कारण पुन्हा स्टार्ट होईलच असं नाही. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तशा गाडीत बॅटरीच्या दिव्यापाठोपाठ तापमान चढू लागलं, तर तिथेच थांबायचं.

पिवळा इंजिनचा दिवा, ज्याला सगळे 'चेक लाइट' म्हणतात, तो लागल्यावर गाडी चालवावी का?

स्थिर लागला असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर चालवा, पण आठवडाभरात दाखवा. लुकलुकत असेल तर लगेच वेग कमी करा. लुकलुकणं म्हणजे इंजिन जोरात मिसिंग करतंय, सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीतल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि आतली जाळी वितळू लागते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. एक स्पार्क प्लग किंवा कॉइल बदलून जे काम झालं असतं, ते दोन दिवस दुर्लक्ष केल्यावर कन्व्हर्टरच्या बिलावर जातं.

पण गाडी अगदी छान चालते. मग दिवा लागतोच का?

कारण हा दिवा मुळात तुमच्या सोयीसाठी नाही, धुरासाठी आहे. ओबीडी, म्हणजे गाडीतच बसवलेली निदानव्यवस्था, प्रदूषणाच्या कायद्यातून जन्माला आली. कॅलिफोर्नियाच्या हवेने तिची सुरुवात करून दिली आणि १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे २०१०मध्ये भारत स्टेज ४, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचे नियम, आधी १३ शहरांत आलं (मुंबई, पुण्याबरोबर त्यात सोलापूरही होतं) आणि त्यासोबत ओबीडीचा पहिला टप्पा आला. २०१३पासून दुसरा टप्पा, एप्रिल २०२०पासून भारत स्टेज ६, आणि एप्रिल २०२३पासून त्याचा आणखी कडक भाग. म्हणून २०१२ची गाडी ज्या बिघाडाबद्दल गप्प बसेल, त्याबद्दल २०२४ची गाडी तक्रार करते. नवी गाडी जास्त नाजूक झाली असं वाटतं. मला वाटतं, ती फक्त जास्त बोलते.

शिवाय बरेचसे दोष एकदा दिसले म्हणून दिवा लागत नाही. लागोपाठच्या दोन फेऱ्यांमध्ये (इंजिन सुरू करून चालवून बंद करणं ही एक फेरी) तोच दोष दिसला की मग लागतो. प्रत्येक दोषाला एक ठरावीक क्रमांक, म्हणजे कोड असतो; एकदाच दिसलेला दोष 'प्रलंबित कोड' म्हणून आत नोंदला जातो. दोष गेला तर सलग तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, पण कोड मेमरीत बराच काळ, साधारण ४० वेळा इंजिन गरम होईपर्यंत राहतो. त्यामुळे 'काल दिवा होता, आज नाही' अशी गाडीही स्कॅनरला, म्हणजे हे कोड वाचणाऱ्या यंत्राला, लावण्यासारखी असते.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं की चेक लाइट लागते, असं यूट्यूबवर ऐकलं. खरं का?

अमेरिकेत खरं आहे. तिथल्या नियमांत टाकीतून वाफ गळते का हे तपासणं गाडीला सक्तीचं आहे. आपले नियम युरोपच्या धर्तीवर आहेत आणि तिथे ती गळती-तपासणी सक्तीची नाही. झाकण नीट बसवाच, पण आपल्याकडच्या गाडीचा दिवा त्यामुळे लागला असेल याची शक्यता कमी. अमेरिकन व्हिडिओ बघून निदान करणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

स्कॅनर लावायचं सॉकेट कुठे असतं?

स्टिअरिंगखाली, गुडघ्यांच्या वर कुठेतरी. कधी उघडं, कधी छोट्या झाकणामागे. समलंब आकाराचं, १६ पिनांचं. १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा पुरवठा कायम असतो, ४ आणि ५ अर्थ, आणि आजच्या गाड्यांत ६ आणि १४ या दोन पिनांवरून गाडीतल्या संगणकांचं आपसातलं बोलणं चालतं. १६ नंबर कायम जिवंत असल्यामुळे ब्लूटूथ स्कॅनर लावून गाडी दोन-तीन आठवडे उभी ठेवली तर बॅटरी उतरू शकते.

'पी ०४२०' यासारखा कोड कसा वाचायचा?

पहिलं अक्षर विभाग सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनचा भाग, बी म्हणजे एअरबॅग, खिडक्या वगैरे, यू म्हणजे संगणकांमधला संवाद. त्यानंतरचा ० असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांत तोच. १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा कोड, त्याचा अर्थ दुसऱ्या गाडीच्या यादीत शोधू नका. तिसरं चिन्ह कुठल्या कामाचा दोष ते दाखवतं: १ आणि २ इंधन-हवा, ३ स्पार्क आणि मिसिंग, ४ धूर-नियंत्रण, ७ गिअरबॉक्स. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०३०२ दुसऱ्यात. पी ०३०० म्हणजे एका ठरावीक सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही.

कोडमध्ये ज्याचं नाव आलं तो पार्ट बदलायचा ना?

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. गाडीला तक्रार कुठे जाणवली, ते कोड सांगतो. कुठला पार्ट खराब आहे, ते नाही.

पी ०१७१ घ्या: 'मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी'. ही बातमी ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून कित्येक ठिकाणी तोच बदलला जातो. पण तो बिचारा खरंच सांगत असतो. हवा जास्त झाली ती फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला म्हणून, किंवा पेट्रोलचा पंप थकला म्हणून. फरक ओळखायची एक चांगली रीत आहे. स्कॅनरमध्ये 'फ्युएल ट्रिम' नावाचे आकडे दिसतात. गाडी ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतेय किंवा कमी करतेय ते त्यांत असतं. शून्याच्या आसपास, उणे-अधिक दहापर्यंत साधारण ठीक. इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत आकडा अधिक वीस आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आला, तर व्हॅक्यूमची गळती शोधा. उभ्या गाडीत ठीक आणि जोर दिल्यावर वाढत गेला, तर इंधनाचा पुरवठा किंवा हवा मोजणारा सेन्सर. दहा मिनिटांचं काम आहे.

पी ०४२० चंही तसंच. कोडचा अर्थ 'कन्व्हर्टर नीट काम करत नाही', पण सायलेन्सरच्या लाइनीत भोक असलं तरी तोच कोड येतो. आणि कन्व्हर्टर खरंच गेला असेल, तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा टाकू नका. इंजिन तेल खात असेल तर नवाही जाईल.

सीएनजी किट असलेल्या गाडीचं वेगळं काही?

बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या संगणकाकडून इंजेक्टरची वेळ उसनी घेतं आणि त्यावरून गॅस सोडतं. किटचं ट्यूनिंग चुकलं, की संगणक गॅसवर चालताना चुकीचे ट्रिम शिकतो आणि मग पेट्रोलवरही गाडी रडते. म्हणून दिवा लागला तेव्हा गाडी कशावर होती, ते लक्षात ठेवून सांगा. फक्त गॅसवरच दिवा येत असेल, तर आधी किटवाल्याकडे जा.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घ्यावा का?

घ्या. ईएलएम३२७ नावाच्या चिपची नक्कल असलेले छोटे डबे बाजारात भरपूर आहेत, इंजिनचे कोड वाचायला ते पुरतात. आयफोन असेल तर वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्या. साधा ब्लूटूथवाला बहुधा जोडलाच जात नाही. अगदी फालतू नकला अर्धवट माहिती देतात किंवा मध्येच तुटतात. आणि एबीएस, एअरबॅगचे कोड यांपैकी बहुतेकांना वाचता येत नाहीत. त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनलेला स्कॅनर लागतो. 'ॲपमध्ये काहीच दोष नाही' याचा अर्थ 'एअरबॅग ठीक आहे' असा होत नाही.

बॅटरीची वायर काढून ठेवली की दिवा जातो. तेवढं करून चालेल?

दिवा जातो, दोष जात नाही. वर तुम्ही पुरावाही पुसता. कोड नोंदवताना गाडी त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान जपून ठेवते; याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष फक्त चढावर येतो की सकाळी गार इंजिनवर, हे मेकॅनिकला त्यातून कळतं. कोड उडवला की तेही उडतं, शिकलेले ट्रिम जातात आणि काही दिवस गाडी उभी असताना थरथरते. उडवायचाच असेल तर आधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

सेकंडहँड गाडी बघायला चाललोय. स्कॅनर नेऊ का?

जरूर न्या, आणि 'कोड नाहीत' एवढ्यावर समाधान मानू नका. विकणाऱ्याने तासाभरापूर्वी कोड उडवलेले असू शकतात. त्याला उघडं पाडणाऱ्या गोष्टी स्कॅनरमध्येच असतात.

एक, रेडिनेस मॉनिटर. गाडी कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या स्वतःच चाचण्या घेते आणि कोणती पूर्ण झाली ते दाखवते. कोड उडवल्यावर बऱ्याचशा चाचण्या 'अपूर्ण' होतात आणि पूर्ण व्हायला शहरातलं आणि हायवेवरचं मिळून काही दिवसांचं चालवणं लागतं. रोज वापरातली म्हणून दाखवलेली गाडी आणि निम्म्या चाचण्या अपूर्ण असतील, तर थेट विचारा.

दोन, 'कोड पुसल्यापासूनचं अंतर'. बऱ्याच गाड्या हा आकडा देतात. तो ६ किलोमीटर निघाला, तर समोरच्याचा चेहरा बघा. बॅटरी नुकतीच बदलली, असं उत्तर येईल. तसं खरंच असू शकतं, मग बॅटरीचं बिल मागा. 'दिवा लागलेल्या अवस्थेत चाललेलं अंतर' हाही एक आकडा काही गाड्यांत असतो.

तीन, संगणकातला चॅसिस नंबर आरसीवरच्या नंबरशी जुळवा. जुळत नसेल तर संगणक बदललेला आहे. का, ते विचारा.

ओडोमीटर मागे फिरवला आहे का, हे मात्र साध्या स्कॅनरने सहसा कळत नाही. त्यासाठी सर्व्हिसच्या नोंदी बघा.

डिझेल गाडीत फिल्टरचा, डीपीएफचा, दिवा आला. काय करू?

भारत स्टेज ६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात काजळी साठली की गाडी ती जाळून टाकते, पण त्यासाठी सायलेन्सर बराच वेळ गरम राहायला हवा. घर ते ऑफिस चार किलोमीटर, सिग्नलवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अशा वापरात जाळणं मध्येच अर्धवट राहतं. दिवा पिवळा असेल आणि गाडी ताकदीने चालत असेल, तर हायवेला नेऊन एका वेगाने १५-२० मिनिटं चालवा, गिअर एखादा खालचा ठेवून. बहुधा विझतो. दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते आणि मग सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरने जबरदस्तीने जाळावं लागतं. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, म्हणून पट्टीवर तेलाची पातळी वाढलेली दिसली तर चांगलं लक्षण समजू नका. रोजचं अंतर इतकंच असेल तर डिझेल घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही डिझेल गाड्यांत युरियाचं द्रावण वेगळ्या टाकीत भरायचं असतं. त्याचा इशारा किलोमीटर मोजत येतो. ते संपल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, म्हणून आकडा शून्यापर्यंत जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात अचानक दिवे का लागतात?

चाकाजवळच्या एबीएस सेन्सरच्या जोडणीत पाणी किंवा चिखल जातो, हे एक. वाळल्यावर काही वेळा दिवा जातोही, पण जोडणी साफ करून घ्या. दुसरं कारण उंदीर. पावसात बिळं भरली की ते गरम इंजिनपाशी येतात आणि वायरी कुरतडतात. रात्री ठीक असलेली गाडी सकाळी एकदम चार दिवे दाखवत असेल, तर सेन्सरचा विचार करण्याआधी बोनेट उघडून टॉर्चने वायरिंग बघा. लेंड्या दिसल्या की निदान झालं. वायरीचा तुकडा जोडणारा चांगला वायरमन इथे हजारो रुपये वाचवतो.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर दिवे काहीही सांगोत, पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

एबीएस, एअरबॅग आणि टायरचे पिवळे-लाल दिवे?

फक्त एबीएसचा: साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर चाकं लॉक होऊ शकतात. एअरबॅगचा: अपघातात बॅग उघडेलच याची खात्री नाही. बऱ्याचदा सीट पुढेमागे करताना सीटखालची पिवळी जोडणी सैल झालेली असते. ती स्वतः ओढून बघू नका, त्यात स्फोटक घटक जोडलेला असतो. टायरच्या, घोड्याच्या नालेसारख्या चिन्हाचा: थंड सकाळी हवा कमी भासते म्हणून लागू शकतो, गेजने मोजा. चालू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर हवा नाही, सेन्सरचा बिघाड.

पीयूसी मिळालं, मग चेक लाइटची काळजी कशाला?

आपली पीयूसी नळीतला धूर मोजते, स्कॅनर लावत नाही. त्यामुळे दिवा लागलेल्या गाडीलाही पीयूसी मिळतं. परदेशी राहणाऱ्यांनी यावर विसंबू नये. कॅलिफोर्नियात २०००पासूनच्या पेट्रोल गाड्यांच्या तपासणीत ओबीडीचं सॉकेटच जोडतात आणि मॉनिटर अपूर्ण असले तरी गाडी नापास होऊ शकते. ब्रिटनमध्ये २०१८पासून हा दिवा लागलेला असेल तर वार्षिक तपासणीत गाडी नापास होते.

इलेक्ट्रिक गाडीला ओबीडी असतं का?

सॉकेट बहुतेकांत असतं, पण धूरच नसल्यामुळे धुराचे ते ठरावीक कोड नसतात. माहिती कंपनीच्या पद्धतीने मिळते. कासवाचं चिन्ह दिसलं तर गाडीने ताकद कमी केली आहे, चार्जिंगकडे वळा.

गॅरेजवाला नुसता स्कॅनर लावायचे पैसे मागतो. द्यावे का?

कोड वाचून कागद हातात देणार असेल, तर थोडेच द्या. ते आता तुम्हीही करू शकता. कोडनंतर व्होल्टेज मोजणं, गळती शोधणं, गाडी चालवून आकडे बघणं असं काम करणार असेल, तर त्याचे पैसे आनंदाने द्या. ते पार्टच्या किमतीपेक्षा जवळपास नेहमीच स्वस्त पडतात. पार्ट बदलायला हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोड काय होता, तो पार्टच खराब आहे हे कशावरून ठरवलं, आणि बदलून दिवा पुन्हा आला तर पार्ट परत घेणार का. तिसऱ्या प्रश्नावर इलेक्ट्रिकल पार्ट परत होत नाहीत, असं उत्तर बहुतेक दुकानांतून येतं, आणि ते खरंही असतं. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळेपर्यंत हो म्हणू नका. आणि जुना पार्ट मागून घ्या.